आत्याच्या आईची मोडशी

गारखेड्यात फ्लॅट मिळतो, आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमीत सहा फूट मिळत नाही. म्हणून रिवाज असा, की घरातल्याच कुणाची जुनी कबर उघडायची आणि नव्या माणसाला तिथंच ठेवायचं. अट एकच: जरीमरीनं, म्हणजे कॉलऱ्यानं गेलेल्याची कबर उघडायची नाही.

माझी चुलत आत्या, निवृत्त शिक्षिका, लग्न न केलेली, आमच्याकडेच राहते. ऐंशी ओलांडल्यावर तिनं जाहीर केलं, की तिला तिच्या आईच्याच कबरीत जायचं आहे. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. "मांडीवर बसायचं राहून गेलं, आता बसते," असं म्हणायची आणि लगेच चहात साखर कमी म्हणून माझ्या बायकोला ऐकवायची.

अडचण आत्यानंच करून ठेवली होती. कॉलऱ्याच्या रोग्यांची सेवा करता करता आई गेली, हे तिनं भगिनी मंडळात इतक्यांदा सांगितलं होतं की दफनभूमी कमिटीच्या सेक्रेटरींना ते तोंडपाठ होतं.

"बाई, तुम्हीच सांगता ना कॉलरा? मग कबर कशी उघडू?" ते म्हणाले.

मी त्यांच्याकडून दफनाचं जुनं रजिस्टर मागून घेतलं. मी वाळूजच्या एका कारखान्यात हिशेब तपासतो. कागदावर असेल तेवढंच मानायची सवय. रजिस्टर निजामाच्या काळातलं, भाषा अर्धी तहसीलची, अर्धी बायबलची. माणूस आधी 'फौत' व्हायचा आणि मग 'प्रभूमध्ये झोपी' जायचा. आत्याच्या आईपुढे लिहिलं होतं: साकीन, म्हणजे राहणार, करमाड. कारण: मोडशी, वांती.

"वांती म्हणजे उलटी. उलटी म्हणजे कॉलरा," सेक्रेटरींनी निकाल दिला.

"मागच्या नाताळात मटण खाऊन तुम्हीपण ओकलात. तुम्हाला कुठं पुरलं आम्ही?"

ते रागावले, पण रजिस्टर माझ्यासमोरच राहिलं.

शब्दकोशात मोडशीचा अर्थ अजीर्ण निघाला. पण नोंदी लिहिणाऱ्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या पाद्र्यांनी, तो शब्दकोश मानला होता की नाही, ते कसं कळणार? मग मी त्यांच्याच नोंदी एकमेकींशी लावून पाहिल्या. जरीमरी एकदा आली की पानभर यायची, घरंच्या घरं, आणि प्रत्येक नावापुढे शेरा: 'चुना टाकला.' मोडशी मात्र सुटी सुटी. एखादी या वर्षी, एखादी त्या वर्षी, बहुतेक लग्नसराईत आणि आंब्यांच्या दिवसांत. चुना कुठंच नाही. आत्याच्या आईच्या आधी आणि नंतर महिनाभर करमाडचं कुणीच गेलं नव्हतं. सेवा करायला रजिस्टरात एक रोगी सापडेना.

सेक्रेटरींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "ठराव मंडळीपुढं येईल. पण बाईंनी स्वतः सांगायचं, कॉलरा नव्हता म्हणून."

घरी आलो आणि आत्याला सगळं सरळ सांगून टाकलं. आडवळणानं बोलणं मला जमत नाही.

"म्हणजे आई खाऊन मेली?"

"काहीतरी बाधलं असेल. कागदात एवढंच आहे."

"अन् सेवा?"

"नोंद नाही."

"लई हिशेब तपासतोस तू. त्या सेवेवर मी किती बायकांना रडवलंय, माहितेय का?"

बायको म्हणाली, "राहू द्या ना सेवा. आत्यांसाठी दुसरीकडं जागा बघू."

"दुसऱ्यांच्या आईपाशी जाऊ का मी?" आत्या तिच्यावर खेकसली.

रविवारी उपासना संपल्यावर ती माइकपाशी उभी राहिली. "माझी आई कॉलऱ्यानं नाय गेली, अजीर्णानं गेली. सेवेचं मला लहानपणी कुणी तरी सांगितलं, पुढची भर माझी. कुणाला हसायचं असंल तर हसून घ्या, अन् ठराव करा."

हसले की. भगिनी मंडळाच्या अध्यक्षीणबाई सगळ्यात आधी. "काय खाल्लं होतं हो, बाई?"

"ते पाळकांनी नाय लिहिलं."

ठराव पास झाला. परतताना आत्या रिक्षात माझ्याशेजारी बसली.

"वय काय लिहिलंय रे तिचं?"

"बावीस."

"बावीस," ती म्हणाली. "अन् मी अंगावर पीत होते. भूक लागणारच की."