गोदामातल्या माणसाला कोणी मारलं

मेलबर्नला आले अकाउंटिंग शिकायला आणि पोट भरते म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालून. तक्रार नाही, पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, यातूनच मिळाला. पॉइंट कुकजवळच्या एका वृद्धाश्रमात मी काम करते. तिथे एक फिलिपिनो मास्तर होते. मनिलात जन्मभर इतिहास शिकवलेला, आता आठवणीला गळती लागलेली. पोटच्या मुलीचं नाव विसरले होते, पण दुपारचा चहा झाला की त्यांचा वर्ग भरायचा. विद्यार्थिनी एकच, मी.

पहिल्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी सवयीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांना वाटलं, मी चपला काढून घेतेय. घाबरून त्यांनी पाय वर घेतले. भेटायला आलेली त्यांची मुलगी हसली आणि तिने दाखवलं, त्यांच्यात थोरांचा हात आपल्या कपाळाला टेकवतात. मग मीही तसंच करू लागले.

स्पेनच्या राज्याविरुद्ध उठलेली माणसं मला त्यांच्या तोंडून कळली. कादंबऱ्या लिहून सरकारच्या डोळ्यात खुपलेला आणि गोळ्या घालून मारलेला डॉक्टर. ऐंशी उलटल्यावरही बंडखोरांना घरात घेऊन जेवू घालणारी आजी. आणि मास्तरांचा सगळ्यात लाडका, गोदामात नोकरी करणारा, स्वतःच वाचून शहाणा झालेला माणूस, ज्याने गुप्त संघटना उभी केली. त्याच्यापाशी आले की मास्तर थांबायचे आणि विचारायचे, "त्याला कोणी मारलं?"

पहिल्यांदा मला कुठून ठाऊक असणार? त्यांनीच सांगितलं. स्पॅनिशांनी नाही, त्याच्याच बाजूच्या लोकांनी, नेतेपदाच्या भांडणात, डोंगरात नेऊन. "हे लोक हळू आवाजात सांगतात," ते म्हणाले. "तू मोठ्याने सांगायचं."

हिवाळ्यापर्यंत त्यांचं उत्तर पुसलं गेलं, प्रश्न तेवढा उरला. मी हुशार मुलीसारखा हात वर केला आणि मोठ्याने म्हटलं, "त्याच्याच माणसांनी, सर." बातमी आत्ताच घरी आल्यासारखे मास्तर रडले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच रडणं. तिसऱ्या दिवशीही तेच.

"प्लीज, स्पॅनिशांनी मारलं म्हण," मुलगी मला म्हणाली. "त्यांचं वजन बघ किती उतरलंय."

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणतो, "अगं, तू शिफ्टला जातेस की हिस्टरीच्या एक्झामला? स्पॅनिश म्हण नि मोकळी हो. नो वरीज."

त्याला बोलायला काय जातं. आमचं घर बौद्ध. आपल्या माणसांचा इतिहास दुसऱ्यांनी आपल्या सोयीने कसा लिहिला, यावर माझे वडील हातातला घास तसाच धरून बोलत राहायचे. आता सोयीचा इतिहास सांगायची पाळी माझ्यावर आली होती, आणि मला सगळ्यांचाच राग येत होता, मास्तरांचासुद्धा. पण त्यांचं भरलेलं ताट रोज परत नेणारीही मीच होते. खरं बोलून मी एका म्हाताऱ्याला उपाशी ठेवत होते.

शेवटी एका दुपारी मी म्हटलं, "सर, स्पॅनिशांनी मारलं."

ते रडले नाहीत. खरं उत्तर त्यांना आठवत नव्हतं, पण हे चूक आहे एवढं त्यांच्यातल्या मास्तराला कुठून तरी कळलं. रागावले असते तर सोसलं असतं. त्यांना उलट माझी दया आली.

"तुझी चूक नाही, बाळ," ते हळूच म्हणाले. "तुला हे कोणी शिकवलं? कोण तुझे मास्तर?"

माझे मास्तर माझ्यासमोर बसले होते. त्यांचं नाव घेतलं असतं, तर माझं खोटं त्यांच्या नावावर गेलं असतं. मी वाकून त्यांचा हात माझ्या कपाळाला टेकवला.