ज्याच्या डोक्यावर आबांनी तेल ओतलं

आमच्या पाळकआबांना कुणी ‘देवाचा माणूस’ म्हटलं, की ते त्याच्या हातात झाडू देत. “मग एवढा केर काढ. देवाचाच हाय,” म्हणत. भोरच्या बाजारामागे पत्र्याच्या छपराखाली आमचं प्रार्थनाघर होतं. बारा-पंधरा ख्रिस्ती घरांची मंडळी. आबा मूळचे हिर्डोशीचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. उपासनेला मी पेटी वाजवायचे.

शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, पहिला राजा हा त्यांचा आवडता विषय. लोकांना राजा हवा होता. देवाने एक उंचापुरा माणूस दाखवला, म्हाताऱ्या संदेष्ट्याने त्याच्या डोक्यावर तेल ओतून अभिषेक केला, आणि पुढे तोच राजा बिघडला. “निवड खरी हुती,” आबा सांगत. “पर त्याला वाटलं, आता देव आपल्या खिशात. तेल डोक्यावर पडतं ते खाली उतरायसाठी. वरच थांबलं तर नुसते केस चिकाट.” आम्ही हसायचो. आबा मात्र विचारत, “ज्यानं वतलं, त्या म्हाताऱ्याचं काय झालं आसंल?”

गुडघे गेले तेव्हा आबांनी आपल्या जागी विनयला निवडलं. उंच, गोड गळ्याचा, शास्त्र तोंडपाठ. आबांनी त्याला सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसवलं, तेल ओतलं, डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी मला पेटीच्या पट्ट्या दिसेनात, इतके डोळे भरले होते.

वर्षभरात मोठाले स्पीकर आले. वेल्ह्याकडून लोक टेम्पो भरभरून येऊ लागले. पासलीचे बबनदादा त्यांतलेच. थोडी भातशेती, चार शेरडं. त्यांच्या बायकोला टीबी होता, सरकारी गोळ्या चालू होत्या. विनयने तिच्या कपाळाला तेल लावलं आणि सांगितलं, “तू बरी झालीस. आता गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास.” तिने गोळ्या बंद केल्या.

आबांना हे कळायला दोन महिने गेले. ते विनयकडे गेले तेव्हा मी बरोबर होते. तो शांतपणे म्हणाला, “आबा, अभिषेक तुमच्याच हातून झाला. आता देवाच्या निवडीवर शंका घेता?” दुसऱ्याच दिवशी त्यांनी पासली गाठली आणि त्या बाईला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. अकराव्या दिवशी ती गेली.

पुढच्या रविवारी आबा सगळ्यांसमोर उभे राहिले. “देवाचं नाव घेऊन म्याच निवडला त्याला. उंची बघितली, गळा बघितला. आत बघाया इसरलो.” बहुतेक मंडळी उठून विनयमागे गेली. आमची पाच घरं उरली.

मग आबा मला घेऊन बबनदादांकडे गेले. दादा गोठ्याच्या दारात बसले होते. उठले नाहीत.

“तुमी तेल लावलं त्याला,” ते म्हणाले, “म्हणून आमी त्याचं ऐकलं.”

“व्हय,” आबा म्हणाले.

“आता परत येऊ नका.”

आबांनी मान डोलावली. परतताना फाट्यावर एसटी आली तरी ते दगडावरून उठेनात. ती गाडी गेली. पुढची यायला तीन तास लागले.

त्यानंतर त्यांनी कुणाच्याच डोक्यावर हात ठेवला नाही. आम्ही आळीपाळीने वाचतो, पाळक असा कुणी नाही. गेल्या हिवाळ्यात आबा झोपेतच गेले.

दफनाला विनय माणसं घेऊन आला. खड्ड्याच्या कडेला उभा राहून म्हणाला, “याच हातांनी देवाने मला निवडलं.” लोक ‘आमेन’ म्हणाले.

आयुष्यात कधी चारचौघांत न बोललेली मी म्हणाले, “बबनदादांची बायको कशाने गेली, तेही सांगा.”

शेजारच्या बाईने माझा पदर ओढला. “अभिषिक्ताला असं विचारू नये, ताई.”

विनयने गाणं सुरू केलं. मी मूठभर माती आबांवर टाकली आणि गाणं संपायची वाट पाहत उभी राहिले. मग पुन्हा विचारलं.