आबांनी कोंडलेला गूळ

मी लग्न होऊन पणदऱ्यात आले तेव्हा आमच्या घरात चहासुद्धा गुळाचाच असायचा. साखर ही आजारी माणसाची चैन, असं माझ्या सासऱ्यांचं मत. त्यांना सगळे आबा म्हणत. नीरेच्या कालव्यावर आमचा ऊस, गुऱ्हाळ घरचं, आणि आबांच्या ढेपेला बारामतीच्या पेठेत नाव होतं. त्या नावाचा त्यांना ताठा होता. खरं सांगायचं तर मलाही होता.

पुढं लोक त्या सालांना मंदीची सालं म्हणू लागले. तेव्हा आम्हाला एवढंच कळलं, की आबांची भरलेली गाडी पेठेतून भरलेलीच परत आली. असं आमच्या दारात कधी घडलं नव्हतं. जावा बेटावरून बोटी भरभरून पांढरी साखर येतेय, ती इतकी स्वस्त की गुळाला कुणी विचारत नाही, असं अडत्या म्हणाला होता.

"येऊ दे की," आबा म्हणाले. "पावसाळ्यात सगळ्यांचा गूळ सरतो. गौरी-गणपतीला अडत्या आपणहून दारात येतोय का न्हाय बघा. तवर ढेप हलवायची न्हाय."

"आन् पाणीपट्टी कशानं भरायची?" सासूबाईंनी विचारलं. "पाणी न्हाय मिळालं तर ऊस कुठला लावताय?"

"भरू की," एवढंच ते बोलले.

आबा काही खुळे नव्हते. वर्षानुवर्षं त्यांनी असाच गूळ राखला होता आणि दर वेळी त्यांचंच खरं झालं होतं. पण तो आडाखा आमच्या पावसावर बांधलेला. बोटींना त्याचं काय!

मग माजघर गुळाला दिलं. खाली उसाचं वाळलेलं पाचट, वर ढेपा, आणि दाराच्या फटी शेणामातीनं लिंपलेल्या. ओली हवा लागली की गूळ पाझरतो, म्हणून मृग लागल्यापासून दार उघडायचं नाही. आमची चूल आणि अंथरुणं पडवीत आली. ओलं लुगडं घेऊन त्या दाराजवळून गेलं तरी आबा डोळे वटारायचे. मला त्या दाराची भीतीच बसली.

बाजारच्या दिवशी आबा भाव विचारून येत, तो उतरलेलाच असे. श्रावणात दाराशी गोड वास येऊ लागला, पुढं तो आंबूस झाला.

"आत्याबाई, वास येतोय," मी सासूबाईंना म्हणाले.

"गप ऱ्हा. त्यांच्या कानावर घालू नगंस."

मग दाराखालून काळा ओघळ आला. सासूबाई तो पहाटे पुसून टाकत, दुपारपर्यंत पुन्हा येई. आबा त्यावरून पाय टाकून जात, पण खाली बघत नसत. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

गौरी आल्या, अडत्या आला नाही. पण आमच्यात गौरीच्या पुरणाला घरचाच गूळ लागतो, तेव्हा दार उघडणं भागच होतं. आबांनी स्वतः लिंपण फोडलं. आत ढेप अशी उरलीच नव्हती. सगळ्या एकमेकींत बसून काळा चिखल झाला होता आणि त्यावर माशा घोंगावत होत्या. आबांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि धोतराला पुसलं.

तो गूळ पुढं एका तंबाखूवाल्यानं तंबाखूत कालवायला मातीमोलानं नेला. पाणीपट्टी भरली गेली नाही, त्या साली ऊस लागला नाही, आणि गुऱ्हाळाची रस आटवायची काहील परसात पालथी पडली. पण त्या दिवशी गौरी घरात होत्या आणि नैवेद्य अडला होता. आबांनी पागोटं घातलं, वाण्याकडं गेले आणि कागदाच्या पुड्यात पांढरी साखर घेऊन आले.

पुरण साखरेचं झालं. नैवेद्य दाखवून आबा पाटावर बसले. सासूबाई आणि मी दारातून बघत होतो. त्यांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला.

"ग्वाड हाय," ते म्हणाले, आणि ताटावरून उठले.