तोडून बघणारे सर

आमचे वेल्डिंगचे सर पोरांचा जॉब, म्हणजे जोडून आणलेल्या लोखंडी पट्ट्या, हातात घेऊन आधी कौतुकाने न्याहाळायचे, मग वाइसच्या पकडीत आवळून त्यावर हातोडा घालायचे. पट्ट्यांचा जोड टिकला तर पास, तुटला तर शून्य. मधले मार्क त्यांच्याकडे नव्हतेच. पोरांनी त्यांचं नाव तोडकर पाडलं होतं.

सर बेलापूरच्याच गावठाणातले. वीस वर्षं बॉयलरच्या कारखान्यात काढली, तो बंद पडल्यावर आमच्या संस्थेत शिकवायला आले. "पस्तीस टक्क्यांचा बॉयलर कंपनीतशी भायेर जात नाय," म्हणायचे. प्राचार्य कपाळाला हात लावायचे. "अहो, पोरं आहेत ती, बॉयलर नाहीत!"

पण माणूस लोण्याचा. जोड तुटला की तुकडे पोराच्या हातात देऊन आतली पोकळी दाखवायचे आणि वर चहा पाजायचे. "रडतोस कनाला? वरशी सगल्यांचाच चांगला दिसतं. आतमंदी बघ." माझा जोड वरून सगळ्या वर्गात देखणा असायचा आणि पहिल्या घावाला तुटायचा. मला घाई फार. सर रागावले नाहीत कधी, हे मला जास्त लागायचं.

शेवटच्या परीक्षेतही तो तुटला. महाप्याच्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये माझी नोकरी ठरली होती, अडलं होतं फक्त सर्टिफिकेटपाशी. माझे वडील साताऱ्याकडचे, मार्केटात गोण्या वाहणारे. ते सरांपुढे हात जोडून उभे राहिले. "सर, लेकराचं नुकसान करू नगासा."

सरांनी तुटलेले तुकडे वडिलांच्या हातात ठेवले. मग म्हणाले, "दादा, उद्या याच्या जोडाखाली कोनतरी उबा रानार हाय. दोन मयने द्या मना. मी शिकवतो याला, घरी बोलवून."

दोन महिने नोकरी कोण थांबवतो? आम्ही प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी मला बहात्तर मार्क दिले आणि सरांकडून प्रात्यक्षिकाची परीक्षा काढून घेतली. महिन्याभरात सरांनी संस्था सोडली. मी पेढे वाटले, त्यांच्या घरी न्यायची मात्र छाती झाली नाही.

तीन वर्षं झाली. शेडमध्ये जोड कुणी तोडून बघत नाही. घासतात, रंग मारतात, गाडीत चढवतात. मला झोप लागेनाशी झाली तेव्हा लाज गिळून सरांकडे गेलो. म्हटलं, "सर, ते दोन महिने आता द्या."

ते माझ्या आवाजाच्या रोखाने हसले. डोळे गेले होते. चाचपडत त्यांनी माझा हात धरला.

"आता मना काय दिसतं रं? तुला येतं ना आता जोड?"

"येतो, सर."

"मंग झाला तर," म्हणाले, आणि इतके खूश झाले की चहा टाकायला सुनेला हाक मारली.

सोमवारी करंजाड्याच्या एका नव्या सोसायटीत गॅलऱ्यांचे कठडे जोडायला गेलो. सात मजले होते. घासले, रंग मारला, संध्याकाळपर्यंत आटोपले.