मायनं मांडलेलं वेगळं ताट

शोभा, तू म्हणालीस, "मामा, हे नुसतं सांगू नका, लिहून द्या." म्हणून लिहितो आहे. तुझ्यासाठी, तुझ्या आईसाठी, आणि पडेगावातून माझ्यासारखे जे कोणी बॅग उचलून गेले त्यांच्यासाठीही.

मी निघालो त्या सकाळी बा मेंढरांसकट मला पोचवायला दौलताबादच्या रस्त्यावर आला होता. मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडवेनात, की मुद्दाम मिरवत आणली, कोण जाणे. एसटी आली तेव्हा सगळा कळप रस्त्यावर. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, कंडक्टर खाली उतरून ओरडायला लागला. बा त्याला शांतपणे म्हणाला, "आमचा पोरगा अणुशक्तीत चाललाय. दोन मिंटं थांबली तुमची गाडी तर काय बिघडतंय?" अणुशक्ती म्हणजे काय हे बाला ठाऊक नव्हतं, कंडक्टरलाही नसावं, पण गाडी थांबली. मायनं माझ्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. तुझी आई मथुरा तेव्हा परकर नेसायची. तिनं माझी बॅग शेवटपर्यंत सोडली नाही. खरं सांगायचं तर मला त्या सगळ्यांची लाज वाटत होती. खिडकीत बसल्यावर मी रुमालानं बुटावरची लेंडी पुसत होतो, हात हलवायचा राहून गेला.

आमचं घराणं मेंढपाळांचं. पोलीस ॲक्शननंतर बानं भटकणं थांबवलं आणि पडेगावच्या माळावर दोन खोल्या बांधल्या. त्या खोल्यांतून मी बी.एस्सी. झालो आणि समुद्रकाठच्या एका अणुकेंद्रात प्रयोगशाळेत लागलो. क्वार्टर मिळालं, कँटीनची इडली आवडायला लागली, बोलण्यातलं 'लई' आणि 'व्हय' गेलं. ते गेलं याचा मला तेव्हा आनंदच झाला होता.

काम असं होतं. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन ॲसिडमध्ये विरघळवतात आणि त्यातलं उपयोगाचं काढून घेतात. मागे उरतं ते ॲसिड भयंकर किरणोत्सारी असतं. त्यातली घातक मूलद्रव्यं वेगळी काढायची पद्धत बसवणं हे आमच्या विभागाचं काम. रॉकेलसारख्या तेलात एक रसायन मिसळायचं आणि त्या ॲसिडबरोबर घुसळायचं. रसायन नेमकं हवं ते धरतं आणि तेलाबरोबर वर येतं, ॲसिड खाली राहतं. वरचा थर काढून घ्यायचा, नवं तेल घालायचं, पुन्हा घुसळायचं. एकदा करून भागत नाही. घाई केली तर दोन थरांच्या मधे मळकट साय धरते आणि सगळा दिवस वाया जातो. हे सारं जाड काचेआडून, पेटीला जोडलेल्या लांब हातमोज्यांत हात घालून. बाहेर पडताना यंत्रावर दोन्ही हात ठेवायचे, आधी तळवे, मग मागची बाजू. काही लागलेलं असलं तर घंटी वाजे.

पहिल्या सुट्टीत मायनं विचारलं, "तू करतोस काय रं तिथं?" मी बाटलीत हळदीचं पाणी घेतलं, वर गोडं तेल ओतलं आणि हलवून ठेवलं. थोड्या वेळानं पिवळेपणा बराचसा तेलात चढला. मायला लगेच कळलं.

"म्हंजी आजारी मेंढरू कळपातनं येगळं काढायचं. अन् काढल्यावर?"

"काचेत बंद करून माणसांपासून लांब ठेवायचं."

"अन् त्येच्यापाशी जो काम करतो, त्येचं काय?"

मी हसत म्हणालो, "अंगाला लागलं तर त्यालाही ठेवतात लांब." माय हसली नाही.

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. कळपात साथीचं मेंढरू निघालं की त्याला काट्यांच्या कुडात वेगळं ठेवायचं आणि त्याचं सगळं एकाच माणसानं करायचं. मेंढरू बरं झालं तरी मुदत सरेपर्यंत त्या माणसानं कळपात जायचं नाही, आणि कोकराला तर बोटसुद्धा लावायचं नाही. आमच्याकडे ते माणूस नेहमी माय असायची.

काही वर्षांनी बा आजारी पडला. मथुरा तेव्हा लग्न होऊन वैजापूरकडे सासरी होती. माय पोस्टमनकडून पत्रं लिहवून घ्यायची, 'बा तुझी वाट बघतोय.' तेव्हा माझी बढतीची मुलाखत होती. जाऊन आलो असतो तर फार तर तयारीचे चार दिवस गेले असते. पण मला जायचं नव्हतं. औषधांचा वास, माळावरची धूळ, आणि बा 'आता हितंच ऱ्हा' म्हणेल याची भीती. मी पत्र पाठवलं: 'कामावर अंगात थोडं गेलं आहे. सहा महिने घरच्यांत मिसळू नको असं सांगितलंय. कुणाला बोलू नको, पत्र वाचणाऱ्यालाही बजाव, नोकरी जाईल.' हे धडधडीत खोटं होतं. माझ्या अंगात काही गेलेलं नव्हतं, आणि मायला वाटत होती तशी ती साथही नव्हती की एका ताटात जेवल्यानं दुसऱ्याला लागावी. एवढं शिकलो ते मी खोटं बोलायला वापरलं.

दोन महिन्यांनी तार आली. मी पोचलो तेव्हा बाला नेऊन आले होते. अंगणाच्या कडेला छपराखाली मायनं माझी वाकळ अंथरली होती, शेजारी वेगळं ताट, वेगळा तांब्या. पाव्हण्यांना तिनं सांगितलं, पोराला ताप हाय. मी वाकळेवर बसलो. खरं बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बाच्या राखेची ऊब अजून गेली नव्हती, आणि मी कशासाठी आलो नाही हे त्या घरात कोणत्या तोंडानं सांगणार होतो? संध्याकाळी माय भाकरी घेऊन आली आणि माझ्याच ताटात जेवायला बसली. मी म्हणालो, "तू नको." ती म्हणाली, "येका मानसाला ऱ्हावंच लागतं बाबा. मी हाय की." दहावा झाला आणि मी परत गेलो. बढती मला आधीच मिळाली होती.

माय जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मथुरेनं आणि मायनं एकमेकींशी नीट बोलणं कधी सोडलं, ते मला कळलंच नव्हतं. मी लांब होतो, आणि लांब असण्याची मला सोय वाटत होती. ते कळलं तुझ्या लेकीच्या बारशाला, बजाजनगरात. मथुरा नातीला मांडीवर घेऊन बायकांत बसली होती. म्हणाली, "आमच्या मायनं माझी शोभा मांडीवर घेतली नाय. बा गेला अन् म्हैन्यानं ही झाली. आंघोळ शेजारणीनं घातली, सैपाक चुलतीनं केला. माय उंबऱ्याच्या भाईर बसून नुसती बघायची. पोरगी झाली म्हून. मी चाळीस दिसांत निघून आले, मंग माह्यारी मन लावलं नाय."

शोभा, तू तेव्हा हसून विषय बदललास. तुझ्या हसण्यावरून वाटलं, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. माय माझ्या ताटात जेवली होती. ती मुदत पाळत होती. आणि मी 'कुणाला बोलू नको' म्हणालो होतो, म्हणून पोटच्या लेकीचा राग तिनं मरेपर्यंत सोसला. त्या दिवशीही मी बोललो नाही. येतो म्हणालो आणि संध्याकाळची गाडी पकडली.

मला धीर यायला चार महिने लागले. मागच्या महिन्यात मी तुमच्याकडे आलो आणि मथुरेला सगळं सांगितलं. तू दारात उभी होतीस, लेक तुझ्या कडेवर. मथुरेनं हातातला लसूण सोलून ताटात टाकला. मग म्हणाली, "मी मायच्या शेवटच्या दुखण्यात आठच दिस ऱ्हायले, दादा. तिनं माझा हात धरला तर मी सोडवून घेतला व्हता." मी माफी मागितली, पण ती मथुरेकडे मागून संपणारी नाही. जिच्याकडे मागायची ती छपराखाली माझ्याबरोबर जेवून निघून गेली.

लोक विचारतात, आता निवृत्त झालात, घरी परत जाणार का? पडेगावच्या त्या दोन खोल्यांच्या जागी आता दुसऱ्यांची इमारत आहे. माझं घर आता तुमच्या मोरीपाशी सुरू होतं. कारण त्या दिवशी मी जायला उठलो तेव्हा मथुरा माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात धू, अन् पोरीला घे."

मी साबण लावून हात धुतले. सवयीनं आधी तळवे पाहिले, मग मागची बाजू. तूच म्हणालीस, "मामा, बास आता, स्वच्छ झाले." मी तुझ्या लेकीला घेतलं, आणि मायच्या वाट्याचं म्हणून तिच्या गालांवरून हात फिरवून माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. एकही वाजलं नाही. मथुरेनं लसणाचं ताट बाजूला सारलं, जवळ आली आणि माझी बोटं धरून म्हणाली, "असं नाय. माय कशी मोडायची, इसरलास का?"