बाजेखालच्या दोन विटा

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नातीच्या बाजेखाली विटा सारणं. बायकोनं उशाकडून बाज उचलून धरली, मी पायांखाली एकेक वीट सारली. "नीट बघा की, वाकडी बसली. डोळे गेले का काय तुमचे!" एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी दुपारी कापूस वेचता वेचता खाली बसली, ती उठलीच न्हाई.

नात तीन वर्षांची. जन्मली तवा आतडं बंद होतं, म्हणून परभणीला पोट उघडावं लागलं होतं. वाचली, पण खाल्लेलं पुन्हा वर यायचं, छाती घरघरायची, अंगी काही लागायचं न्हाई. डोकं उंच ठेवलं की जरा बरं, म्हणून त्या विटा. त्या पहिल्या ऑपरेशनच्या वक्ताला बायको गावच्या देवीपुढं बोलली होती, "आई, एवढ्या बारीला वाचव. पुन्हा हिच्या पोटाला लोखंड लागू देणार न्हाई." मी बाजूलाच उभा होतो.

बायको गेली आणि पोरगी लयच खालावली. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, जठराचा वरचा भाग अन्ननळीभोवती गुंडाळून शिवू, मग वर येणं थांबेल. आता हे बारीक छिद्रांतून, दुर्बिणीनं करता येतं. पण आधीच्या ऑपरेशनमुळं आतलं एकमेकाला चिकटलं असणार. सुटलं तर ठीक, न्हाईतर पुन्हा पोट उघडावं लागेल. लेक माझ्याकडं बघू लागला. सून म्हणाली, "मामा, तुमी म्हणाल तसं." मी न्हाई म्हणालो. जिनं शब्द दिला तीच राहिली न्हाई, तो मोडणारा मी कोण? देवीचा राग पोरीवर निघाला तर?

दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. शेजारी बुरख्यातली एक म्हातारी डबा उघडून बसली होती. ओळख ना पाळख. तिनं विचारलं, आणि मी सगळं बोलून गेलो. भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवत ती म्हणाली, "भाईसाब, तुमारी घरवाली बच्ची जीने के वास्ते बोली थी ना? मरने के वास्ते तो नै बोली."

मी तसाच उठलो. सुनेला म्हणालो, "करू दे." देवीला मनात म्हणालो, माझं डोकं चालंना, आता तूच बघ.

डॉक्टर बाहेर आले तवा घामानं भिजलेले. "लय चिकटलं होतं बाबा, पण सुटत गेलं. पोट उघडायची वेळ आली न्हाई." मी पायरीकडं धावलो. म्हातारी तिथं नव्हती. गावात म्हणतात, देवीच आली होती. मला तसलं कळत न्हाई. भाकरी ज्वारीची होती आणि मीठ जरा जास्त होतं, एवढं आठवतं. पण एक खरं. मी देवीला फौजदार समजत होतो, शब्दात धरून सजा देणारी. ती तर माय हाय. तिच्यावर सोडलं आणि बायको गेल्यापासून छातीवर बसलेला धोंडा पहिल्यांदा हलला.

गावी आलो. पोरगी आता सपाट निजली तरी चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाज उचलली, सुनेनं विटा काढल्या. त्या घेऊन देवळात गेलो. देवीच्या ओट्याचा कोपरा ढासळला होता. तिथं माती कालवून दोन्ही बसवल्या. एक वाकडी बसली. काढली, आणि सरळ करून पुन्हा बसवली.