उसाचं बेट, समुद्रातलं बेट

मी शाळेत भूगोल शिकवते, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. त्या शनिवारी मी बेटांवरच्या शेतीबद्दल वाचलं. रविवारी सकाळी स्कूटर काढली ती थेट पंचगंगेकाठच्या माहेरी, दादाच्या रानात.

ऊस नुकताच तुटून गेला होता. रानभर उसाच्या वाळल्या पाल्याचं पाचट पसरलेलं आणि दादा काडेपेटी घेऊन बांधावर उभा. जमीन दगडासारखी झाली होती, ऊस दरसाल बारीक होत चालला होता. "आता ह्ये पेटवतो. बुडख्यातनं खोडवा फुटून आला तर आला, न्हायतर वरची माती वीटभट्टीवाल्याला दिऊन टाकतो," तो म्हणाला.

ह्याच मातीत लोळून आम्ही दोघं मोठे झालो होतो.

"थांब! आधी बेटाचं ऐक," मी ओरडलेच.

त्यानं वाकून तोडलेल्या उसाचा एक बुडखा निरखला. "कुठल्या बेटाचं? ह्या बेटाला धड फुटवं तरी कुठं हायत?"

उसाच्या एका जागच्या झुबक्याला आमच्याकडं बेटच म्हणतात, हे मी शहरात राहून साफ विसरले होते! हसून हसून मी खालीच बसले. मग ढेकळं मांडून त्याला भर समुद्रातलं बेट करून दाखवलं. एका बेटावर लोकांनी झाडं तोडली, रानं उघडी पाडली, माती पावसाबरोबर समुद्रात गेली आणि माणसं उपाशी राहिली. दुसऱ्या बेटांवरची माणसं शहाणी. पाला घालतील, झावळ्या घालतील, काहीच नसलं तर दगड पसरतील, पण मातीवर पांघरूण घालणारच. आपली माती गेली तर शेजारच्या गावातून आणता येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"पाचटात उंदीर हुत्यात. पाणी सरीतनं फुडं जात न्हाय," दादा म्हणाला. "तुझ्या बेटावर ऊस हुता काय?"

"ऊस नसेल, पण उंदीर असतीलच की!"

तो खो खो हसला आणि मी ओळखलं, गडी वळला. अर्धं रान पेटवायचं, अर्ध्यातलं पाचट सरीत दाबायचं, असं ठरलं.

पावसाळ्यात नदी पात्राबाहेर आली, रस्ते बंद झाले. आमचं रान चढावर, म्हणून वाचलं. दादाचा फोन आला तो ओरडतच. "आगं, गावाला चारी अंगानं पाणी लागलंय! आपलंबी बेटच झालंया की!" पेटवलेल्या अर्ध्यातून गढूळ लोंढा वाहत होता आणि झाकलेल्या अर्ध्यातून निवळ पाणी. "माती जाताना डोळ्यानं बघितली मी," तो म्हणाला.

पुढच्या तोडणीला मी शाळेत रजा टाकून गेले. ह्या खेपेला सगळ्याच रानात पाचट तसंच ठेवलेलं. दादानं गेल्या वर्षी झाकलेल्या जागी खोरं घातलं आणि ते पात्यापर्यंत आत गेलं. काळी, भुसभुशीत माती आणि तिच्यात गांडुळं! नाद खुळा! पन्नाशी गाठलेले आम्ही दोघं बहीणभाऊ गांडुळं तळहातावर घेऊन एकमेकांना दाखवत होतो. मला तर रडूच आलं.

तेवढ्यात वीटभट्टीवाला मोटरसायकल लावून बांधावर आला. "मग काय मालक, माती कधी न्यायची?"

दादानं मूठभर माती उचलून घट्ट धरली. "पावणं, बेटावरची माती भाईर जात न्हाय."

भट्टीवाला पायाजवळच्या बुडख्याकडं बघत राहिला. "कुठल्या बेटावरची?"

"बसा हितं," दादा म्हणाला, आणि ढेकळं मांडायला लागला.